कॉझिमो मटासा : एका ध्वनिमुद्रकाचे कार्य

१. प्रश्नाचे स्वरूप

मौखिक परंपरेतून वाढलेल्या संगीताचा विचार करू लागताच अभ्यासकापुढे संहितेचा प्रश्न उभा राहतो. लिखित काव्याची संहिता पोथीत असते. तिच्यात पाठभेद असले तरी निरनिराळ्या प्रती समोर ठेवून ते पडताळून पाहता येतात. परंतु जे संगीत गातागाता आणि वाजवितावाजविता आकाराला येते, ज्याची स्वरलिपी कोणी आधी लिहून ठेवलेली नसते, त्याची संहिता कोणती मानावयाची? विसाव्या शतकातील अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतापुरते ह्या प्रश्नाचे उत्तर असे, की ध्वनिमुद्रिका हीच त्याची संहिता होय. तिच्याआधी निश्चित असे काही नव्हते आणि तिच्यानंतर जे झाले ते तिचे अनुकरण होते.

हे मान्य केले म्हणजे ध्वनिमुद्रक हा पोथी उतरून घेणाऱ्या लेखनिकाच्या जागी येतो. लेखनिकाची साधने, त्याच्या सवयी आणि त्याचा प्रामाणिकपणा ह्यांचा ठसा पोथीवर उमटतो, ही गोष्ट पाठचिकित्सेत सर्वमान्य आहे. ध्वनिमुद्रकाच्या बाबतीत मात्र असा विचार फारसा होत नाही. यंत्र आपोआप जे घडले ते टिपून घेते, आणि यंत्र चालविणारा केवळ कळ दाबतो, अशी एक समजूत आढळते. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहण्यासाठी न्यू ऑर्लिन्स शहरातील कॉझिमो मटासा ह्यांच्या कार्यासारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. ते कार्य १९४५ साली सुरू झाले, आणि रिदम अँड ब्लूज ह्या संगीतप्रकाराच्या जडणघडणीत त्याचा वाटा फार मोठा आहे. असे असूनही ह्या ध्वनिमुद्रकाचे वैशिष्ट्य असे सांगावे लागते, की त्याने स्वतःचे असे काही ध्वनिमुद्रिकेत दिसू दिले नाही. जो दिसत नाही त्याचे कर्तृत्व कसे मोजावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. नाव आणि नगर

प्रथम संज्ञेविषयी. कृष्णवर्णीय अमेरिकनांनी गायिलेल्या आणि मुख्यतः त्यांनाच विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकांना व्यापारी व्यवहारात १९२०च्या दशकापासून ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे ‘वंशाच्या तबकड्या’, असे म्हणत. ‘बिलबोर्ड’ ह्या व्यापारी साप्ताहिकाने जून १९४९ मध्ये हे नाव टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव स्वीकारले. ते सुचविणारे जेरी वेक्स्लर तेव्हा त्याच साप्ताहिकात काम करीत असत. जुने नाव गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या कातडीचा रंग सांगत होते. नवे नाव संगीताचे दोन घटक सांगू लागले. ब्लूज हा बहुधा बारा खंडांच्या आवर्तनात बांधलेला गीतप्रकार, आणि रिदम म्हणजे लय. मात्र नाव बदलल्याने श्रोत्यांची वर्णावर आधारलेली विभागणी संपली नाही. नाव बदलते आणि वस्तुस्थिती मागे रेंगाळते, ह्याचा अनुभव भाषेच्या इतिहासात वारंवार येतो.

आता नगराविषयी. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळील न्यू ऑर्लिन्स हे बंदर आधी फ्रेंचांच्या, मग स्पॅनिशांच्या अमलाखाली होते, आणि १८०३ साली ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे आले. फ्रेंच, आफ्रिकी आणि कॅरिबियन प्रवाहांच्या मिश्रणातून तेथे क्रिओल नावाची भाषा आणि त्याच नावाची संस्कृती निर्माण झाली. शहराच्या ‘काँगो स्क्वेअर’ ह्या मोकळ्या मैदानात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलामांना रविवारी एकत्र जमून ढोल वाजविण्याची व नाचण्याची मुभा होती. अशा शहरात पुढे जाझ संगीत जन्मास आले, ह्यात आश्चर्य नाही.

आश्चर्य आहे ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या शहरात जाझ जन्मले त्या शहरात त्याचे पहिले ध्वनिमुद्रण झाले नाही. जाझची पहिली तबकडी १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली, आणि ती वाजविणारे न्यू ऑर्लिन्सचे वादक गोरे होते. किंग ऑलिव्हर आणि त्यांच्या वाद्यवृंदातील तरुण लुई आर्मस्ट्राँग ह्यांचे वादन १९२३ साली मुद्रित झाले ते इंडियाना राज्यातील रिचमंड ह्या गावी. १९२०च्या दशकात काही कंपन्या आपली यंत्रे घेऊन न्यू ऑर्लिन्सला येत आणि थोडे दिवस राहून परत जात. म्हणजे शहराचे संगीत मुद्रित होई ते बहुधा परगावी, परक्या खोलीत आणि परक्या कानांनी निवडलेले. बोलीचा अभ्यासक जाणतो, की बोलणाऱ्यास त्याच्या गावातून उचलून परक्या ठिकाणी बसविले म्हणजे त्याची बोली बदलते. तो जपून बोलू लागतो. गाणाऱ्याची आणि वाजविणाऱ्याची गोष्ट ह्याहून वेगळी नसावी. न्यू ऑर्लिन्सच्या संगीताला स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांत मुद्रित होण्याची कायम सोय मटासा ह्यांच्यामुळे लाभली. त्यांच्या कार्याचे पहिले मोल येथे आहे.

३. दुकानामागील खोली

कॉझिमो मटासा ह्यांचा जन्म १३ एप्रिल १९२६ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे इटलीतले. वडील जॉन मटासा ह्यांचे शहराच्या जुन्या फ्रेंच वस्तीत किराणा मालाचे दुकान होते, आणि भागीदारीत ज्यूकबॉक्सचा धंदाही होता. ज्यूकबॉक्स म्हणजे नाणे टाकले असता हवी ती तबकडी वाजविणारे कपाटवजा यंत्र. मद्यगृहांतून व उपाहारगृहांतून अशी यंत्रे बसवावयाची, त्यांतील तबकड्या वेळोवेळी बदलावयाच्या, आणि काढलेल्या जुन्या तबकड्या विकावयाच्या, असा तो व्यवसाय होता. कॉझिमो ह्यांनी टुलेन विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास आरंभला होता; तो त्यांनी अर्ध्यावर सोडला. नॉर्थ रँपार्ट स्ट्रीट आणि डुमेन स्ट्रीट जेथे मिळतात तेथे ‘जे अँड एम’ नावाचे तबकड्यांचे आणि विजेच्या वस्तूंचे दुकान निघाले. त्याच दुकानाच्या मागल्या खोलीत १९४५ साली, वयाची विशी गाठण्यापूर्वीच, त्यांनी ध्वनिमुद्रणाची सोय केली. काँगो स्क्वेअर तेथून हाकेच्या अंतरावर होते.

खोली लहान होती, सुमारे पंधरा फूट रुंद आणि सोळा फूट लांब. यंत्राची खोली तर इतकी अरुंद, की तीत चार माणसांना दाटीवाटीने उभे राहावे लागे. ज्यांना स्वतःचा आवाज तबकडीवर हवा असे अशा हौशी मंडळींसाठी ही सोय मुळात होती. परंतु १९४७ साली न्यू जर्सीतील ‘डिलक्स’ ह्या लहान कंपनीचे मालक न्यू ऑर्लिन्सला आले. शहरात दुसरे सोयीचे ठिकाण नसल्यामुळे त्यांनी पॉल गेटेन, अ‍ॅनी लॉरी आणि रॉय ब्राउन ह्या स्थानिक कलावंतांचे ध्वनिमुद्रण ह्याच खोलीत केले. रॉय ब्राउन ह्यांचे ‘गुड रॉकिन टुनाइट’ हे गीत त्याच वर्षी येथे मुद्रित झाले. पुढे ‘रॉक अँड रोल’ ह्या नावाने जे संगीत ओळखले जाऊ लागले त्याची चर्चा करताना ह्या गीताचा उल्लेख हटकून येतो. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या ‘इंपीरियल’ आणि ‘स्पेशालिटी’ ह्या कंपन्याही न्यू ऑर्लिन्सला येऊ लागल्या, आणि किराणा दुकानदाराच्या मुलाची ती मागली खोली एका संगीतप्रकाराचे केंद्र बनली.

४. साधने आणि त्यांचे नियम

ह्या खोलीतून जो नाद बाहेर पडला तो समजण्यासाठी त्या काळची साधने समजून घेतली पाहिजेत. प्रारंभीच्या वर्षांत मुद्रण थेट तबकडीवर होत असे. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा दिसणारा नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर दिलेला असे. चकती फिरू लागली म्हणजे कोरणारी सुई त्या थरात नागमोडी खाच पाडीत जाई. मराठीतील ‘ध्वनिमुद्रण’ हा शब्द ह्या क्रियेला अक्षरशः लागू पडतो. ध्वनीची मुद्रा त्या थरावर खरोखरच उमटत असे. एकदा कोरलेले पुसता येत नसे. शेवटच्या ओळीत एखादा वादक चुकला तर ती चकती टाकून देऊन सर्वांनी पुन्हा आरंभापासून वाजवावयाचे, हाच उपाय होता. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे, म्हणून गीताची लांबीही यंत्रानेच ठरविली. आणखी एक अडचण अशी, की मऊ थरावरून सुई फिरवून ऐकू गेले तर मूळ खाच झिजे. त्यामुळे जी तबकडी पुढे साचा करण्यासाठी पाठवावयाची ती वाजवून पाहणे इष्ट नसे. प्रत्यक्ष मुद्रण चालू असताना कानाने जे ठरविले तेवढ्यावरच विसंबावे लागे.

मंद्र स्वरांचा प्रश्न ह्याहूनही नाजूक होता. खालचा स्वर जोरकस असेल तर सुई आडवी फार फिरते आणि शेजारच्या खाचेत घुसण्याचा संभव असतो. तो स्वर दबवावा, तर नाचणाऱ्यांना हवा असलेला जोर नाहीसा होतो. ढोल आणि बास ह्यांचा जोर राखावयाचा, परंतु खाच मोडू द्यावयाची नाही, ही तारेवरची कसरत प्रत्येक गीताच्या वेळी करावी लागे.

मायक्रोफोन मोजकेच, तीनचार होते. पुढे १९५०च्या दशकात ध्वनिफितीचे यंत्र आले, तरी प्रत्येक वाद्य निराळे मुद्रित करून मागाहून त्यांचे मिश्रण करण्याची सोय आली नाही. गायक, पियानो, गिटार, बास, ड्रम आणि सॅक्सोफोन हे सर्व एकाच खोलीत, एकाच वेळी वाजत आणि एकाच प्रवाहात मुद्रित होत. अशा स्थितीत निरनिराळ्या नादांचा तोल साधावयाचा तो यंत्रावरील खुंट्यांनी थोडा आणि खोलीतील जागांनी फार. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले तर त्याची तीव्रता एकचतुर्थांश होते. लहान खोलीत भिंतींवरून परत येणारा ध्वनी ह्या हिशेबात भर घालतो आणि हिशेब अवघड करतो. सॅक्सोफोनवादकास दोन पावले मागे उभे करणे, पियानोचे तोंड भिंतीकडे वळविणे, गायकास मायक्रोफोनच्या अधिक जवळ आणणे, असल्या उपायांनीच मिश्रण होई. हे मिश्रण वादन सुरू होण्यापूर्वी साधावे लागे, आणि वादन सुरू झाल्यावर ते शक्यतो हलवावयाचे नसे.

मटासा ह्यांनी आपल्या मुलाखतींतून आपल्या कामाविषयी जी भूमिका मांडली ती थोडक्यात अशी होती : वादकांनी खोलीत जे केले ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचवावयाचे, आणि ध्वनिमुद्रकाने मध्ये यावयाचे नाही. ही भूमिका नम्र आहे, परंतु तिच्यावरून हे काम सोपे होते असे समजणे चुकीचे ठरेल. ‘जसेच्या तसे’ पोचविण्यासाठी प्रत्येक वादक कोठे उभा राहिला पाहिजे, हे आधी कळावे लागते. आणि ते कळण्यासाठी ते संगीत आतून समजावे लागते.

५. नादाची घडण

फॅट्स डॉमिनो ह्यांचे ‘द फॅट मॅन’ हे गीत १० डिसेंबर १९४९ रोजी ह्या खोलीत मुद्रित झाले. संयोजक होते ट्रंपेटवादक डेव्ह बार्थोलोम्यू. ड्रमवर अर्ल पामर, बासवर फ्रँक फील्ड्स आणि गिटारवर अर्नेस्ट मॅक्लीन होते. त्यांच्याबरोबर हर्ब हार्डेस्टी आणि अ‍ॅल्विन ‘रेड’ टायलर ह्यांच्यासारखे सॅक्सोफोनवादक होते. थोड्याच वर्षांत ली अ‍ॅलन हे सॅक्सोफोनवादकही ह्या मंडळींत आले. गायक बदलत, कंपन्या बदलत, पण मागे वाजविणारे हेच असत. एकाच खोलीत, एकाच ध्वनिमुद्रकासमोर, वर्षानुवर्षे वाजवीत गेल्यामुळे ह्या वादकांना खोलीचा स्वभाव ठाऊक झाला आणि खोलीला त्यांचा.

‘द फॅट मॅन’मधील ड्रमची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चार मात्रांच्या खंडात पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर आघात देणे ही युरोपीय कूचसंगीताची रीत. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आघात देण्याची रीत कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागीतांत, हातांनी टाळ्या देताना, रूढ होती. जाझमध्ये असा आघात बहुधा अखेरच्या आवर्तनात रंग चढविण्यासाठी वापरीत. पामर ह्यांनी ह्या गीतात तो आरंभापासून अखेरपर्यंत चालविला. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर एका वाक्यापुरता असलेला भावनिक आघात येथे भाषेचा नित्य नियम झाला. हा बदल वादकाचा आहे, ध्वनिमुद्रकाचा नव्हे. परंतु ड्रमला मागे ढकलण्याची चाल त्या काळी सार्वत्रिक असताना तो येथे स्पष्ट ऐकू येतो, ही गोष्ट ध्वनिमुद्रकाच्या खात्यावर मांडावी लागेल. नियम बदलला हे श्रोत्याला कळण्यासाठी तो नियम आधी कानी पडला पाहिजे.

दुसरे उदाहरण बासचे. बार्थोलोम्यू ह्यांच्या संयोजनात बासची स्वरपंक्ती पुष्कळदा गिटार आणि सॅक्सोफोन हेही त्याच स्वरांनी वाजवितात. त्यामुळे नुसत्या बासचा जो मंद्र नाद त्या काळच्या लहान ध्वनिवर्धकांतून हरवला असता, तो वरच्या सप्तकांतील साथीदारांच्या आधाराने ठसठशीत राहतो. ज्यूकबॉक्सच्या गोंगाटातही ती पंक्ती ओळखू येते. मटासा ह्यांचे लहानपण ज्यूकबॉक्सच्या धंद्यात गेले होते. तबकडी शेवटी कोठे वाजणार आहे हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. स्पष्ट ड्रम, भरदार बास, आणि सर्वांच्या पुढे गायकाचा कंठ, हा जो तोल ह्या खोलीची ओळख बनला, त्याला जाणकार पुढे ‘कॉझिमोचा नाद’ असेच म्हणू लागले.

ह्यानंतरची यादी मोठी आहे. लॉइड प्राइस ह्यांचे ‘लॉडी मिस क्लॉडी’ १९५२ साली येथे मुद्रित झाले आणि त्यात पियानोची साथ डॉमिनो ह्यांनी केली. १९५३ साली गिटार स्लिम ह्यांचे ‘द थिंग्ज दॅट आय यूज्ड टू डू’ मुद्रित झाले, तेव्हा पियानोवर रे चार्ल्स होते. त्या गीतातील विजेच्या गिटारचा फाटलेला, खरखरीत स्वर त्या काळच्या ध्वनिमुद्रणशास्त्राच्या दृष्टीने दोषच होता. तो घासूनपुसून स्वच्छ करण्यात आला नाही, आणि हा दोष पुढील पिढीच्या गिटारवादकांचा अलंकार झाला.

६. ‘टुटी फ्रुटी’चे उदाहरण

संहितेचा जो प्रश्न आरंभी मांडला त्याचे सर्वांत बोलके उदाहरण सप्टेंबर १९५५ मधील आहे. ‘स्पेशालिटी’ कंपनीचे निर्माते बम्प्स ब्लॅकवेल ह्यांनी लिटल रिचर्ड ह्यांना मटासा ह्यांच्याकडे आणले होते. आधीची गीते ठीक झाली, परंतु त्यांत चैतन्य नव्हते. मधल्या सुटीत मंडळी ‘ड्यू ड्रॉप इन’ ह्या कृष्णवर्णीयांच्या प्रसिद्ध विश्रांतिगृहात गेली. तेथे पियानो पाहताच लिटल रिचर्ड ह्यांनी रात्रीच्या मैफलींत म्हणण्याचे एक ग्राम्य गीत गावयास सुरुवात केली. ब्लॅकवेल ह्यांना हवे होते ते हेच. शब्द छापण्याजोगे नव्हते, म्हणून डॉरथी लाबॉस्ट्री ह्या तरुण गीतलेखिकेकडून ते घाईघाईने बदलून घेण्यात आले आणि सत्राचा वेळ संपण्यापूर्वी गीत मुद्रित झाले.

ह्या गीताचा आरंभ अर्थशून्य अक्षरांच्या एका स्फोटाने होतो. ती अक्षरे ड्रमच्या आघातांचे मुखाने केलेले अनुकरण आहेत. तबल्याचे बोल ज्यांच्या कानांवर आहेत त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. बोलांना कोशात अर्थ नसतो, पण लयीत त्यांचे स्थान काटेकोर असते. अशा अक्षरांचे सर्व मोल उच्चारात असते : ओठांचा स्फोट किती जोराचा, स्वर किती तोडलेला, श्वास कोठे घेतला. कागदावर उतरविताच त्यांचे मोल जवळजवळ नाहीसे होते.

ह्याचा पुरावा लगेच मिळाला. पुढच्याच वर्षी पॅट बून ह्या गोऱ्या गायकाने हेच गीत गायिले, आणि त्यांची तबकडी सर्वसाधारण विक्रीच्या कोष्टकात लिटल रिचर्ड ह्यांच्या तबकडीच्या वर गेली. गीताची चाल तीच, शब्दही बहुतांशी तेच. स्वरलिपी काढली तर दोहोंत फारसा फरक दिसणार नाही. परंतु दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ ऐकणाऱ्यास त्या एकाच कृतीच्या दोन प्रती आहेत असे वाटत नाही. त्यांतील अंतर कागदावर मावत नाही. ते ध्वनीत आहे. आणि तो ध्वनी वादकांनी उत्पन्न केला व मटासा ह्यांनी राखला.

७. कर्तृत्वाची वाटणी

ह्या ठिकाणी कायद्याचा उल्लेख अवश्य आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गीताच्या शब्दांना आणि चालीला लेखाधिकाराचे संरक्षण होते. ध्वनिमुद्रणाला ते नव्हते. १५ फेब्रुवारी १९७२ रोजी आणि त्यानंतर मुद्रित झालेल्या कृतींनाच ते प्रथम मिळाले. म्हणजे मटासा ह्यांच्या खोलीत जी वस्तू निर्माण होत होती, जिच्यामुळे एक तबकडी दुसरीहून वेगळी ठरत होती, तिला केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने कर्ताच नव्हता. कायदा लिखित संहिता ओळखत होता, मौखिक नव्हे. गीतकार म्हणून ज्याचे नाव कागदावर लागे त्याला उत्पन्नाचा वाटा मिळे. ज्याने लय बदलली त्या ड्रमवादकास, संघटनेने ठरविलेल्या दराप्रमाणे, एका सत्राचे सुमारे ४१ डॉलर मिळत आणि हिशेब तेथेच संपे. तबकडीवर त्याचे नाव सहसा छापीत नसत. ध्वनिमुद्रकाचेही छापीत नसत. मटासा ह्यांना खोलीचे व वेळेचे भाडे मिळे.

ह्या आर्थिक विषमतेला वर्णभेदाची जोड होती. ‘वेगळे परंतु समान’ ह्या तत्त्वास सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती १८९६ सालच्या प्लेसी खटल्यात, आणि तो खटला न्यू ऑर्लिन्समध्येच उद्भवलेला होता. शहरातील वादकांच्या संघटनाही गोऱ्यांची निराळी आणि काळ्यांची निराळी अशा दोन होत्या. शाळांतील विभागणी मोडण्यास आरंभ झाला तो १९६० साली. अशा शहरात एक गोरा तंत्रज्ञ आणि कृष्णवर्णीय वादक दहा-पंधरा वर्षे एका लहान खोलीत खांद्याला खांदा लावून काम करीत राहिले, ह्या गोष्टीचे महत्त्व कमी लेखू नये. त्याचबरोबर ते वाढवूनही सांगू नये. खोलीबाहेर पडताच त्यांच्या वाटा वेगळ्या होत, आणि तबकड्यांच्या विक्रीतून आलेला पैसा बहुतांशी परगावच्या कंपन्यांकडे जाई.

मटासा ह्यांचे स्थान नीट ठरविण्यासाठी त्यांच्या समकालीनांशी तुलना उपयोगी पडेल. मेंफिस येथे सॅम फिलिप्स ह्यांनी १९५० साली ध्वनिमुद्रणगृह काढले. त्यांची खूण म्हणजे ध्वनिफितीच्या साहाय्याने आवाजाला दिलेला प्रतिध्वनी. न्यूयॉर्कच्या ‘अ‍ॅटलांटिक’ कंपनीतील टॉम डाउड ह्यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आठ प्रवाहांच्या यंत्राचा स्वीकार करून वाद्ये वेगवेगळी मुद्रित करण्याचा मार्ग खुला केला. फिलिप्स ह्यांनी ध्वनीत भर घातली, डाउड ह्यांनी ध्वनीचे पृथक्करण केले. मटासा ह्यांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. त्यांचे तंत्र म्हणजे जागा, अंतर आणि संयम. म्हणूनच पहिल्या दोघांची खूण तबकडीवर दाखविता येते, आणि मटासा ह्यांचे कार्य अनेक तबकड्या एकत्र ऐकल्यावर अनुमानाने सिद्ध करावे लागते. गायक वेगळे, कंपन्या वेगळ्या, निर्माते वेगळे असताना जो तोल कायम राहतो, तो कोणाचा? त्यातील बराचसा वाटा वादकांना आणि बार्थोलोम्यू ह्यांना दिला पाहिजे. परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. उरतो तो भाग ध्वनिमुद्रकाचा.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ह्या संयमाचे आणखी एक फळ आहे. डॉमिनो हे क्रिओल कुटुंबातील, आणि लुइझियानातील क्रिओल ही त्यांची पहिली भाषा. त्यांच्या इंग्रजीत शब्दान्तीच्या ‘र’चा लोप, स्वरांचे लांबणे आणि एकंदर उच्चारांचा सैलपणा स्पष्ट ऐकू येतो. ते उच्चार ‘शुद्ध’ करून घेण्याचा उद्योग ह्या खोलीत कोणी केला नाही. गायिलेली भाषा ही बोललेली भाषा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही असे म्हणता येईल, की एका शहराच्या एका पिढीचे उच्चार ह्या तबकड्यांत टिकून आहेत. ते टिकवून धरणे हा त्या मंडळींचा हेतू नव्हता. हेतू नव्हता म्हणूनच त्या पुराव्याला विश्वसनीयता आहे.

८. उत्तरकाल

१९५६ साली मटासा ह्यांनी आपले ध्वनिमुद्रणगृह गव्हर्नर निकोल्स स्ट्रीटवरील मोठ्या जागेत नेले, आणि १९६०च्या दशकाच्या मध्यास ते पुन्हा कॅम्प स्ट्रीटवर हलविले. अर्नी के-डो ह्यांचे ‘मदर-इन-लॉ’ (१९६१) आणि अ‍ॅरन नेव्हिल ह्यांचे ‘टेल इट लाइक इट इज’ (१९६६) ही ह्या काळातील गाजलेली गीते. मुद्रण आपल्या शहरात होते, मग वितरणही आपल्याच शहरातून का होऊ नये, असा विचार करून मटासा ह्यांनी ‘डोव्हर’ नावाची संस्था काढली. विचार योग्य होता, परंतु व्यवहाराने साथ दिली नाही. गीत फार चालले म्हणजे तबकड्या घडविण्याचा खर्च ताबडतोब द्यावा लागतो, आणि दुकानदारांकडून वसुली सावकाश होते. भांडवल थोडे असलेल्या संस्थेस यश हेच संकट ठरते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हा व्यवसाय कोसळला आणि मटासा ह्यांची यंत्रसामग्रीही गेली. उत्तरायुष्यात ते फ्रेंच वस्तीतील घरच्या किराणा दुकानाकडे परतले.

मान्यता उशिरा आली. डॉमिनो ह्यांच्या त्या पहिल्या ध्वनिमुद्रणास पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १० डिसेंबर १९९९ रोजी, रँपार्ट स्ट्रीटवरील मूळ इमारतीवर स्मृतिफलक बसविण्यात आला. त्या जागेत पुढे कपडे धुण्याच्या यंत्रांचे दुकान निघाले होते. उंबरठ्यावरील फरशीत ‘जे अँड एम’ ही जुनी अक्षरे मात्र राहिली होती. २००७ साली ग्रॅमी पुरस्कारांतील विश्वस्त-पुरस्कार आणि २०१२ साली रॉक अँड रोलच्या कीर्तिमंदिरात स्थान, असे सन्मान त्यांना मिळाले. त्याच वर्षी त्याच विभागात टॉम डाउड ह्यांनाही मरणोत्तर स्थान मिळाले, हा योग उचित म्हटला पाहिजे. ११ सप्टेंबर २०१४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, मटासा ह्यांचे निधन झाले. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कायद्याचे संरक्षण देणारा आणि ध्वनिमुद्रकांनाही उत्पन्नाचा काही वाटा मिळण्याची वाट करून देणारा अधिनियम त्यानंतर चार वर्षांनी, २०१८ साली, झाला.

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा काढता येईल. मौखिक कलेची संहिता जेव्हा यंत्रावर सिद्ध होते तेव्हा ती सिद्ध करणारा तटस्थ नसतो. काय पुढे आणावयाचे आणि काय मागे ठेवावयाचे हे त्याला प्रत्येक क्षणी ठरवावेच लागते. मटासा ह्यांनी तो निर्णय प्रत्येक वेळी वादकांच्या बाजूने दिला. आपली सही न उमटविता दुसऱ्याचा आवाज पुढील पिढ्यांच्या हाती सुखरूप देणे हे लेखनिकाचे जुने व्रत. ते त्यांनी नव्या साधनांनी पाळले. कृष्णवर्णीय वादकांच्या एका पिढीने लिहून ठेवलेली अशी संहिता नव्हती. ती काय वाजवीत होती हे आज ऐकता येते, कारण तिच्यासमोर मायक्रोफोन ठेवणाऱ्याने तो कोठे ठेवावयाचा आणि मग आपण कोठे थांबावयाचे हे अचूक ओळखले होते.